रात्रीचा डोळा

बहात्तर सालची दिवाळी झाली आणि श्रीपतीला संध्याकाळचं दिसेनासं झालं. आधी त्याला वाटलं, डोळ्यांत धूळ गेली असेल. त्या वर्षी चिंचगव्हाणात धुळीशिवाय दुसरं काही नव्हतंच. मग रोजच तसं होऊ लागलं. दिवसभर झाडावरचा कावळा नीट दिसायचा, पण सूर्य टेकला की डोळ्यांपुढं कुणीतरी घोंगडं धरल्यासारखं व्हायचं. बायकोनं, पुतळाबाईनं, एकदा कंदील समोर धरून पाहिला. श्रीपतीला वात दिसली, पण कंदील धरलेला हात दिसला नाही.

पुतळाबाई त्या वेळी तामलवाडीच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला जात होती, खडी फोडायला. घरात खायला रेशनचा मिलो, म्हणजे परदेशातली तांबडी ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. भाजीपाला गावातून आषाढातच नाहीसा झालेला. शेळ्या बाजारात गेलेल्या.

श्रीपतीला मात्र खडी फोडावी लागत नव्हती. गावच्या सोसायटीनं त्याला विहिरीवर राखणदार ठेवलं होतं. सोसायटीची ही विहीर मुळात उसासाठी खोदलेली, साठ फूट खोल. तळाशी मांडीभर पाणी उरलं, तेव्हा ते फक्त पिण्यासाठी राखून ठेवायचं ठरलं. घराला दिवसाला दोन घागरी. दिवसा सोसायटीचा शिपाई बघायचा, दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत श्रीपती.

त्याला नेमण्याचं कारण सेक्रेटरी महालिंगप्पानं सभेत उघडच सांगितलं होतं. श्रीपतीचं घर बौद्धवाड्यातलं. बौद्धवाड्यातल्या माणसाला त्या विहिरीच्या दोराला हात लावायची मुभा नव्हती. त्यांच्या घागरी खाली ठेवायच्या आणि वरच्या जातीतल्या कुणीतरी त्यात पाणी ओतायचं. "ज्याला दोर धरता येत न्हाय," महालिंगप्पा म्हणाला, "तो पानी चोरनार कसं?" सगळ्यांना ते पटलं. श्रीपतीनंही मान खाली घालून होकार दिला, कारण काम बसून होतं आणि पगार महिन्याचा होता.

डोळे गेले तेव्हा त्यानं ते कुणाला कळू दिलं नाही. दिवस मावळायच्या आत पुतळाबाई त्याला विहिरीवर सोडायची आणि उजाडता उजाडता न्यायला यायची. मधल्या वेळात तो कानांनी राखण करायचा. कुणाच्या पायांत जोडवी वाजतात, कोण पाय ओढत चालतं, कुणाची घागर पितळेची आणि कुणाची पत्र्याची, हे त्याला महिनाभरात पाठ झालं. विहिरीभोवतीची जागाही त्यानं पायांनी पाठ केली. आदल्या उन्हाळ्यात विहिरीत वासरू पडलं होतं, म्हणून सोसायटीनं तोंडावर सागवानी फळ्या टाकल्या होत्या आणि मधोमध पोहरा सोडायला चौकोनी जागा ठेवली होती. बायका फळ्यांवर उभ्या राहून पाणी शेंदायच्या. आपल्या बसायच्या दगडापासून फळ्या किती पावलांवर, कुठली फळी पायाखाली करकरते, रहाटाचा खांब कुठं लागतो, हे तो अनवाणी पायांनी ओळखायचा.

माघात सोलापूरहून शिकाऊ डॉक्टरांची एक गाडी खडीच्या कामावर आली. पुतळाबाई श्रीपतीला बळंच घेऊन गेली. एका तरुण डॉक्टरीणबाईनं त्याच्या पापण्या वर करून पाहिल्या, काय खातो ते विचारलं आणि चिठ्ठीवर इंग्रजीत एक लांबलचक शब्द लिहिला.

"हे बरं होणारं आहे," ती म्हणाली. "पालेभाजी खा. बकऱ्याचं काळीज मिळालं तर खा. आमच्याजवळचं औषध संपलंय. पंधरा दिवसांनी पुन्हा येऊ, तेव्हा ही चिठ्ठी दाखवा."

पंधरा दिवसांनी गाडी आली नाही. महिन्यानंही आली नाही. कुणी म्हणालं, ती बीडकडं गेली. चिठ्ठीवर काय लिहिलंय हे तरी कळावं आणि तालुक्याच्या दवाखान्यात जायला एक रात्र सुट्टी मिळावी, म्हणून श्रीपती दिवसाउजेडी महालिंगप्पाकडं गेला.

महालिंगप्पा सोलापूरच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलेला. सोसायटीच्या कचेरीत त्याच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश असायचा. कुणी नवा शब्द आणला की तो खुलायचा. त्यानं चिठ्ठी उजेडात धरली, कोश उघडला आणि बोटानं ओळ शोधली.

"निक्टॅलोपिया," तो म्हणाला. "ग्रीक शब्द हाय. तीन तुकडं हायत बघ. निक्ट म्हंजे रात्र, अंधार. आमच्यात सोमवारचं नक्त करतात, म्हंजे दिवसभर उपास आनि रात्री जेवायचं. ते नक्त आनि हे निक्ट सख्खं भाऊ. मधला तुकडा अलाओस, म्हंजे आंधळा. शेवटी ऑप्स, म्हंजे डोळा. रात्रीचा आंधळा डोळा. रातांधळा हायस तू."

श्रीपतीला ते तुकडे फार आवडले. आपल्या आजाराला इतक्या लांबच्या देशात नाव आहे आणि त्यातला एक शब्द सोमवारच्या उपासाचा भाऊ आहे, याचं त्याला नवल वाटलं. घरी येईपर्यंत तो घोकत होता, निक्ट, अलाव, ऑप. 'अलाओस' त्याच्या तोंडात बसलं नाही.

कोशात त्या ओळीखाली अजून दोन ओळी होत्या. त्या महालिंगप्पानं मनातच वाचल्या आणि पुस्तक मिटलं.

"सुट्टीबिट्टी नको घेऊ," तो म्हणाला. "आनि कुनाजवळ बोलूबी नको. लोकास्नी कळलं की नोकरी जाईल. म्या सांभाळून घेतो."

"लई उपकार झालं, अप्पा," श्रीपती म्हणाला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी रात्री विहिरीवर ऑइल इंजिन सुरू झालं. महालिंगप्पाचा माणूस महांतप्पा यायचा, एक फळी उचलून बाजूला टाकायचा, पाइप खाली सोडायचा आणि तीन-चार तास इंजिन चालायचं. श्रीपतीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गावची टाकी भरायलाव. सोसायटीचा हुकूम हाय."

श्रीपतीनं हे पुतळाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "टाकी तर खडखडीत हाय. पोरं आत उतरून खेळतेत." दुसऱ्या दिवशी ती कामावरून येताना मुद्दाम टेकडीमागून आली. महालिंगप्पाचा पानमळा हिरवागार होता. वेलींच्या बुडाशी चिखल होता.

"कुनाला सांगायचं?" श्रीपतीनं विचारलं.

"तुमी सोडून कुनाला दिसतंय रातचं?" ती म्हणाली. राखणदार आंधळा आहे हे महालिंगप्पाला माहीत होतं. तो तसा झाला म्हणूनच त्याला कामावरून काढलं नव्हतं, हे दोघांना त्या दिवशी कळलं. तरी पगार घेणं त्यांनी सोडलं नाही.

चैत्र लागला. विहिरीवर सगळ्यांत शेवटी येणारी बाई म्हणजे रुद्रम्मा. साठीची विधवा. अक्कलकोटकडून या गावात सून म्हणून आलेली, बोलण्यात अर्धी कानडी. दिवसाची रेटारेटी तिला सोसायची नाही, म्हणून तिची घागर दिवेलागणीनंतर. श्रीपतीच्या मडक्यात रोज पाणी तीच ओतायची. ओतताना शिंतोडे उडू नयेत म्हणून मागं सरायची, पण ओतायची. श्रीपती तिला अव्वा म्हणायचा.

त्या दिवशी अमावास्या होती. महांतप्पा अंधार पडताच येऊन फळी काढून गेला होता, पाइप आणायला परत मळ्याकडं गेला होता. श्रीपतीला करकर ऐकू आली होती, पण फळी उचलली तेवढीच की पाइपही सोडला, हे त्याला कळलं नव्हतं. सोसायटीनं कंदील दिला होता, रॉकेल दिलं नव्हतं.

रुद्रम्मा आली. "श्रीपा, आज लई उशीर झाला बघ," ती म्हणाली. "सुनंचं दुखतंय."

"अव्वा, जरा थांबा, तिकडं फळी..." तो उठत म्हणाला. त्याच्या तोंडातून पुढचा शब्द यायच्या आत घागर फळीवर आपटली आणि खाली खूप खोल धप्पकन आवाज झाला. पाणी थोडं होतं, त्यामुळं तो पाण्याचा आवाज नव्हता.

श्रीपती गुडघ्यांवर रांगत फळ्यांपर्यंत गेला. "अव्वा," त्यानं हाक मारली.

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला. "फळी कुठंय रे, श्रीपा?"

त्यानं खांब चाचपला, दोर सोडला, पोहरा खाली टेकवला. "धरा, अव्वा. मी वढतो." दोर हलला नाही. तो गावाच्या दिशेनं तोंड करून ओरडत राहिला. मधेमधे खाली तोंड करून म्हणत राहिला, "येत्यात लोकं, अव्वा. आलीच." ती काही वेळ कानडीत बोलत होती. ते त्याला कळलं नाही. मग ती बोलायची थांबली.

पहिली पावलं मळ्याच्या बाजूनं आली. ती महांतप्पाची होती. तो एक शब्दही बोलला नाही. श्रीपतीला फक्त ऐकू आलं, की काहीतरी जड लाकूड उचललं गेलं, त्याच्या मागून नेलं गेलं आणि त्याच्या बसायच्या दगडापाशी टाकलं गेलं. मग महांतप्पाही ओरडू लागला, "धावा, म्हातारी पडली."

रुद्रम्माचा मुलगा गुरुसिद्धप्पा कंबरेला दोर बांधून उतरला. त्यानं आईला वर काढलं. तुळजापूरच्या दवाखान्याकडं नेताना वाटेतच, बैलगाडीत, ती गेली. परत आल्यावर गुरुसिद्धप्पा बौद्धवाड्यात आला आणि त्यानं श्रीपतीला लाथांनी मारलं. मारताना तो दोन गोष्टी म्हणत होता. आईला का अडवलं न्हायस, आणि दोराला हात का लावलास. आजूबाजूला वीसेक माणसं उभी होती. कुणी मधे पडलं नाही. पुतळाबाई मधे गेली तेव्हा तिच्याही पाठीत लाथ बसली.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. तालुक्याहून एक साहेब आले, बरोबर फौजदार. सोसायटीच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या. निम्मं गाव जमलं. फळी श्रीपतीच्या दगडापाशी सापडली होती, ते पंचनाम्यात लिहिलेलं होतं.

"फळी जळणाला न्यायची होती का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय, सायेब. फळी इंजनवाल्यानं काढली. रोजच काढत्यात. पानमळ्याला पानी जातंय."

साहेबांनी गावाकडं पाहिलं. कुणी काही बोललं नाही. गावात अशी तीनच घरं होती ज्यांना महालिंगप्पानं उधारीवर बियाणं दिलेलं नव्हतं.

"बरं. म्हातारी येताना दिसली ना? मग थांबवलं का नाही?"

"मला रातचं दिसत न्हाय, सायेब." श्रीपतीनं चिठ्ठी काढली. घडीवर घडी घालून ती मऊ पडली होती. "डाक्टरनीनं लिव्हलंय. रातांधळा हाय म्या. अप्पास्नी ठावं हाय."

साहेबांनी चिठ्ठी पाहिली. त्यांना तो शब्द कळला नाही. त्यांनी ती महालिंगप्पाकडं दिली. महालिंगप्पानं सावकाश चष्मा लावला, कोश मागवला आणि पान उघडून साहेबांपुढं ठेवलं.

"शब्दाला दोन अर्थ दिलेत, साहेब," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "एक आहे, रात्री न दिसणं. दुसरा बरोबर उलटा आहे. दिवसा कमी आणि रात्री चांगलं दिसणं. जुन्या ग्रीक वैद्यांतच गोंधळ होता. काहींनी हा शब्द एका रोग्याला लावला, काहींनी दुसऱ्याला. निक्ट म्हणजे रात्र, ऑप म्हणजे डोळा. रात्रीचा डोळा. आता तुम्हीच सांगा, सोसायटी आंधळ्या माणसाला रात्रीच्या राखणीला ठेवील का? आम्ही याला ठेवला तो रात्री नीट दिसतं म्हणूनच."

साहेबांनी ओळींवर बोट फिरवलं. छापील होतं ते खरंच होतं. दोन्ही अर्थ होते. खाली ग्रीक अक्षरं होती, ती महालिंगप्पाशिवाय तिथं कुणालाच वाचता येत नव्हती.

श्रीपती उभा राहिला. "मधला तुकडा ऱ्हायला, अप्पा," तो म्हणाला.

"कसला तुकडा?"

"तुमी तीन सांगितले व्हते. निक्ट म्हंजे रात. मग अलाव. अलाव म्हंजे आंधळा. मग ऑप. तुमी दोनच सांगितले. अलाव सांगा सायबास्नी."

मग महालिंगप्पा हसला. "बघा साहेब. सही करता येत नाही, अंगठा उठवतो. आणि मला ग्रीक शिकवतोय."

ओट्यावरचे लोक हसले. फौजदार हसला. गुरुसिद्धप्पाही हसला, आईचं सुतक अंगावर असताना. श्रीपती म्हणत राहिला, "अलाव. पुस्तकात बघा, सायेब. असंल तितं." जितक्या वेळा तो म्हणाला तितक्या वेळा हसू आलं. शेवटी पुतळाबाईनं त्याला बाही ओढून खाली बसवलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरं काय ते पाहायचं होतं, आणि त्यांना एक साधा उपाय सुचला. ते संध्याकाळपर्यंत थांबले. अंधार पडल्यावर सगळ्यांना विहिरीवर नेलं. त्या रात्री होती तशीच एक फळी काढायला लावली, दोन माणसं कडेला उभी केली आणि कुणीही बोलायचं नाही अशी ताकीद दिली.

"दगडापासून निघ," ते श्रीपतीला म्हणाले, "आणि रहाटापर्यंत चालत जा."

श्रीपती दगडापाशी उभा राहिला. समोर घोंगडं होतं. त्याला सगळं समजत होतं. नीट चालला तर दिसतं असं ठरणार. ठेचकाळला तर सोंग करतो असं म्हणतील. आंधळा आहे हे पटायला एकच वाट होती, सरळ जाऊन पडायचं. साठ फूट. कडेची माणसं धरतील की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. ती माणसं महांतप्पा आणि गुरुसिद्धप्पा होती.

तो निघाला. सरळच जायचं, असं त्यानं मनाशी म्हटलं. पहिली फळी लागली. करकरणारी दुसरी लागली. मग पायाच्या बोटांना खालून गार हवा लागली आणि पाय थांबला. त्यानं पाय पुढं टाकायचा प्रयत्न केला. पाय उचललाच नाही. किती वेळ तो तसा उभा होता कुणास ठाऊक. मग पाय आपोआप डावीकडं वळले, भोकाला वळसा घालून गेले आणि हात खांबाला लागला.

"बघितलं का," महालिंगप्पा हळू म्हणाला.

साहेबांनी श्रीपतीच्या पायांवर धरलेला टॉर्च बंद केला. "लिहा," ते फौजदाराला म्हणाले.

पुतळाबाई सगळ्यांच्या मागं उभी होती. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "थांबलाव कशाला?"

"पडलो असतो तर मेलो असतो."

"व्हय," ती म्हणाली. मग ती रडू लागली, आणि आपण काय बोललो ते आठवून जास्तच रडू लागली.

खटला उस्मानाबादेत चालला. त्यानं फळी काढली, म्हातारी येताना पाहिली, अडवलं नाही आणि चौकशीत खोटं सांगितलं, असं ठरलं. निष्काळजीपणानं जीव घेतल्याबद्दल दहा महिन्यांची कैद झाली. डॉक्टरीणबाईला बोलवावं असं सरकारनं दिलेला वकील एकदा म्हणाला होता, पण तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. चिठ्ठीवर नुसती सही होती.

तुरुंगाच्या आवारात कैद्यांनी लावलेला भाजीचा मळा होता. त्याला दुष्काळातही पाणी होतं. रोज जेवणात राजगिरा नाहीतर शेपू, पाणचट पण असायचा. सहाव्या-सातव्या आठवड्यात एका रात्री श्रीपतीला जाग आली आणि त्याला खिडकीचे गज दिसले. त्यानं ते मोजले. मग शेजारी झोपलेल्या माणसाचं नाक दिसलं. तो उठून बसला. सकाळी त्यानं पहारेकऱ्याला सांगितलं आणि डॉक्टरला दाखवायची विनंती केली. त्याला वाटलं, आता कुणीतरी लिहून देईल, की हा माणूस आंधळा होता आणि इथं खाऊन बरा झाला.

तुरुंगाच्या डॉक्टरनं अंधाऱ्या खोलीत नेऊन त्याच्यासमोर बोटं धरली. श्रीपतीनं बरोबर सांगितली.

"तुला चांगलं दिसतंय की," डॉक्टर म्हणाला. "आधी दिसत नव्हतं, हे आता मी कसं लिहू?" आणि त्यानं लिहिलं, रात्रीची नजर उत्तम.

तो सुटला तेव्हा पुढच्या वर्षीचा पाऊस होऊन गेला होता. विहीर अर्धी भरली होती. सोसायटीनं तोंडावर लोखंडी जाळी बसवली होती आणि तिच्या खर्चाबद्दल महालिंगप्पाचा सत्कार झाला होता. तामलवाडीला उतरून श्रीपती चालत निघाला, गावाजवळ येईपर्यंत अंधार पडला. रस्ता त्याला स्पष्ट दिसत होता. कडेची बाभळ, तिच्यावरचं घरटं, समोरून बैल घेऊन येणारा माणूस.

तो गुरुसिद्धप्पा होता. चार हातांवर येऊन थांबला.

श्रीपती वाटेतून बाजूला झाला. बैलांना जागा दिली. ते त्यानं सवयीनं केलं.

"सुटलास," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"व्हय."

"म्या आलेलो दिसलो तुला?"

श्रीपतीनं खोटं बोलायचं ठरवलं, पण त्याआधीच मान हलली होती. "दिसला," तो म्हणाला. "आता दिसतंय. तितं भाजी खाऊन..."

गुरुसिद्धप्पानं पुढचं ऐकलं नाही. मारायचा त्याचा विचार दिसत नव्हता. "माझी आय सारखी म्हनायची," तो म्हणाला, "श्रीपा चांगला मानूस हाय म्हनून." मग त्यानं बैल हाकले.

त्या आठवड्यात श्रीपती आणि पुतळाबाई गाव सोडून येडशीला गेली. तिथं स्टेशनवर मालगाडीची पोती उतरवायचं काम होतं. ते रात्रीचं असायचं. मुकादमानं श्रीपतीला विचारलं, रातच्याला नीट दिसतं ना. श्रीपती म्हणाला, दिसतं. मुकादमानं त्याला कामावर घेतलं.